पाच टाके

“पाच टाके आहेत, पोरी. तू चारच काढलेस,” हेन आजी मागून म्हणाली.

खुएने ब्रश खाली ठेवला. ह्वे शहरातल्या या निराधार बायकांच्या आश्रमात ती तीन महिन्यांसाठी राहायला आली होती. खोली आणि जेवण संस्थेचं. तिने बारा आज्यांची बारा चित्रं काढायची, मग त्यांची प्रदर्शनं ह्वे, हनोई आणि सायगॉनला, आणि विक्री होईल ती आश्रमाच्या गळक्या छपरासाठी, असं ठरलं होतं.

पहिल्याच दिवशी तिने सांगितलं होतं, हवं तसं बसा, हसा, भाजी निवडा. कोणी ऐकेल तर शपथ. प्रत्येक आजी केस चापूनचोपून, तोच एक निळा रेशमी आओ याय, सणासुदीचा लांब झगा, अंगात चढवून यायची आणि नजर समोर लावून ताठ बसायची. परदेशातून शिकून आलेल्या खुएला याचं कोडं आठ दिवस उलगडेना. शेवटी स्वयंपाकीणबाई म्हणाली, अगं, त्या तसबिरीसाठी बसतायत. मेल्यावर उदबत्तीपुढे लावायला. पाठीमागे कोणी नाही, मग आपली सोय आपणच नको का करायला?

आओ याय हेन आजीचा. तिचा जन्म नदीवर, होडीत गेला. नऊ वर्षांपूर्वीच्या पुरात होडी गेली, होडीतलं सगळं गेलं. ती तेवढी पलीकडच्या गावात लग्नाला गेली होती म्हणून वाचली, अंगावरच्या या आओ यायसकट. बाकीच्यांना तो ती हौसेने घालायची, पण स्वतः चित्राला बसायची नाही. माझी तसबीर माझा तेओ लावेल, म्हणायची. यावर सगळ्याजणी तिला चिडवायच्या. तेओ पुराआधीच सायगॉनला कमवायला गेला होता, आणि पुरानंतर होडीवाल्यांची वस्तीच सरकारने उठवून दूर नेली. आईला शोधणार कुठे तो? व्यवस्थापकांनी पेपरात दोनदा जाहिरात दिली होती. पण तेओला वाचता येत नव्हतं.

खुएला या म्हातारीचं भारी नवल वाटे. चेहरा वाकडा आला तर हिचं काही म्हणणं नसे. पण डाव्या बाहीवर जाड पांढऱ्या दोऱ्याचे पाच टाके होते, जाळं सांधतात तशा गाठी मारलेले. एवढ्या तलम रेशमावर ते इतके ओबडधोबड दिसत की खुए ते गाळायला बघायची, आणि आजी ते मोजून घ्यायची. अकराही चित्रांत. शिवाय रोज तेच विचारायची. सायगॉनला खरंच जाणार ना? एखादं रस्त्यावर लावतील का, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं?

शेवटच्या दिवशी खुएने हात जोडले. बारा कबूल केली होती, अकराच झाली होती. संस्थेला काय तोंड दाखवू, म्हणाली.

“ज्याची तसबीर लागली तो गेला,” आजी म्हणाली. “मी अजून आहे. माझी चौकट रिकामी लाव.”

खुएने रागारागाने खरंच रिकामी चौकट लावली.

ह्वेला गर्दी झाली. हनोईत एका जाणकाराने लिहिलं की अकरा चित्रांत पुन्हापुन्हा येणारा निळा रंग म्हणजे स्त्रीच्या एकाकीपणाचं चिंतन आहे. आश्रमात ते वाचून दाखवलं तेव्हा आज्या पोट धरून हसल्या. अहो, धड कपडाच एक होता.

सायगॉनला दालनाबाहेर दोन मजले उंचीचं कापड टांगलं होतं. त्यावर एक आजी, मांडीवर हात ठेवलेली, पुढे भलीमोठी डावी बाही. तिसऱ्या दिवशी दुपारी एक माणूस आत शिरला. चाळिशीचा असेल, हातात हेल्मेट. खाली झाडाच्या सावलीत गिऱ्हाइकाची वाट बघत थांबणाऱ्या भाड्याच्या मोटारसायकलवाल्यांपैकी होता. दारातल्या रखवालदाराने हटकलं, त्याला खुएनेच गप्प केलं. हा माणूस चित्र कसं बघतो याचं तिला कुतूहल वाटलं.

तो प्रत्येक चित्रापुढे आधी घाबरत घाबरत चेहरा बघे. मग सुटका झाल्यासारखा श्वास सोडे आणि बाहीवर बोट न टेकवता टाके मोजे. अकरा चित्रं त्याने अशीच बघितली. रिकाम्या चौकटीपाशी मात्र त्याचे पाय थांबले.

“इथे कोण होतं, ताई?”

“या आओ यायची मालकीण,” खुए म्हणाली. “सगळ्यांना घातला तिने, पण स्वतः काही केल्या बसली नाही. टाके तेवढे माझ्याकडून मोजून घेतले.”

ते टाके त्याने घातले होते. दहा वर्षांचा असताना, बाही त्याच्या हातून फाटली आणि आई ओरडेल म्हणून, बापाच्या जाळ्याच्या दोऱ्याने. पुरानंतर तो ह्वेला गेला होता. आई होडीबरोबर गेली, असंच सगळे म्हणाले होते. ती लग्नाला गेल्याचं सांगणारं तिथे कोणी उरलं नव्हतं.

“बसली नाही,” तो म्हणाला आणि रडता रडता हसायला लागला. “नऊ वर्षं तिच्या तिथीला शिंपल्यांचा भात करून ठेवतोय, ताई. एकदाही तिच्यासारखा झाला नाही. आता जाऊन विचारतो, त्यात काय राहतं ते.”