गल्लीच्या मधोमध मशीन

“बाई, उठा आधी! भर रस्त्यात दुकान काय थाटलंय?” राजधानीच्या ऑफिसातला साहेब ओरडला.

शिंपीणबाईंनी मानसुद्धा वर केली नाही. शाळेच्या गणवेशाची बाही अर्धी शिवून झाली होती आणि हातातलं काम अर्धवट टाकणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्यांचं शिलाई मशीन गल्लीच्या ऐन मधोमध होतं. दोन्हीकडे गाड्या तुंबल्या होत्या, भोंग्यांनी कान किटले होते. किटू देत.

वर्षापूर्वी राजधानी राज्यापासून वेगळी झाली आणि हद्द आली ती नेमकी या गल्लीतून. बाईंचं घर राजधानीत गेलं, समोरच्या न्हाव्याचं दुकान राज्यात राहिलं. सासरे हरखून गेले. “आता थेट देशाचं सरकार आपलं ऐकणार! एवढ्या मोठ्या राज्यात आपल्याला विचारत कोण होतं?” न्हावी म्हणायचा, “अहो काका, वेगळी चूल मांडली की पाणीही आपलं आपणच भरावं लागतं.” रोज जुंपायची. दाढी मात्र सासरे त्याच्याकडेच करायचे.

मग गटाराचं झाकण फुटलं, तेही बरोब्बर हद्दीवरचं. राजधानीचं ऑफिस म्हणालं, राज्याकडे जा. राज्याचं म्हणालं, राजधानीकडे जा. हेलपाटे घालून बाईंच्या चपला झिजल्या. परवा दाढीला निघालेले सासरे त्यात पडले आणि मांडीचं हाड मोडून बसले. बाईंची लेक त्याच भोकाच्या काठावरून शाळेला जायची. परवा सासरे, उद्या पोर? सकाळी त्यांनी मशीनची एक बाजू धरली, दुसरी न्हाव्याने धरली आणि भोकाच्या चार बाजूंना चार पाय ठेवून मशीन उभं केलं. झाकण येईपर्यंत इथून हलायचं नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

तेवढ्यात राज्याचा साहेबही घाम पुसत आला.

“हे अतिक्रमण आमच्या हद्दीत आहे. बाईंना आम्ही उठवणार.”

“वा रे वा!” राजधानीचा साहेब उसळला. “मशीनचे पुढचे पाय कुठे आहेत बघा. कारवाई आमची!”

“आणि मागचे पाय? ते काय हवेत आहेत?”

दोघे हमरीतुमरीवर आले. वर्षभर ज्या गल्लीला कुणी वाली नव्हता, तिला एका सकाळीत दोन-दोन मालक मिळाले. बाईंना हसू आलं, पण त्याहून जास्त संताप आला.

त्यांनी दोरा तोडला आणि मशीनखाली बोट दाखवलं.

“साहेब, भांडू नका. एवढंच सांगा, हे खालचं गटार कुणाच्या हद्दीत येतं?”

दोघांनी वाकून पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं.

“यांच्या!” दोघे एकदमच म्हणाले.

बाईंनी दुसरी बाही सुईखाली सरकवली.

“मग मला उठवणारे तुम्ही कोण?”