नऊ दिवसांची प्रवासी

फोटोत बाळाचे डोळे उघडे हवेत, म्हणून बापाने नऊ दिवसांच्या लेकीच्या तळपायाला गुदगुल्या करण्यात अर्धा दिवस घालवला होता. एवढं करून वकिलातीच्या खिडकीतला कारकून मान वर न करता म्हणाला, "पासपोर्टला तीन आठवडे लागतील."

"साहेब, जन्मदाखला जोडलाय, आम्ही दोघंही आपल्याच देशाचे. परवाचं विमान आहे हो, काहीतरी करा."

"नियम म्हणजे नियम. पासपोर्टाशिवाय तान्ह्या बाळालाही कुणी विमानात घेत नाही. तुम्ही जा खुशाल, बाळाजवळ तिची आई थांबेल."

"तिला परवा जावंच लागेल, साहेब."

आता कुठे कारकुनाने मान वर केली. "नऊ दिवसांच्या लेकराला टाकून निघाली? कसली आई म्हणायची ही!"

लेकीला छातीशी धरून बापाने खिशातला दुसरा कागद काचेखालून पुढे सरकवला.



शेजारच्या खिडकीने तो सकाळीच दहा मिनिटांत शिक्का मारून दिला होता: आईची शवपेटी परवाच्या विमानाने मायदेशी न्यायची परवानगी.