वाकडी करंगळी

ड्यूकच्या राजवाड्यातल्या संग्रहालयात मॅडोनाच्या, म्हणजे बाळ येशूला घेतलेल्या मेरीच्या, जुन्या चित्रासमोर संचालकबाई पाहुण्यांना म्हणाल्या, "बाळाची ही वाकडी करंगळी बघा. असा हात काढायची आज कुणाची छाती आहे?" चाळीस वर्षांपूर्वी ओलीनं झडलेला तो हात मीच रंगवला होता. आमच्या चित्रदुरुस्तीत नियम कडक: नवा रंग बारीक उभ्या रेघांनीच भरायचा, म्हणजे जवळून जुनं-नवं कळतं. पण तेव्हा मांडीवर माझा तान्हा मुलगा रुजेरो होता. त्याचीच करंगळी बघून मी हात सलग रंगवला, जुन्यात बेमालूम मिसळून. "मम्मा, ही तर डिट्टो माझी—" शेजारी उभा, आता चाळिशीचा रुजेरो हात उचलू लागला. मी तो दाबून धरला. "गप, गाढवा!" बाईंनी एका लाजऱ्या मुलीला पुढं केलं. "जुन्या चित्रकाराच्या या करंगळीवर हिनं चार वर्षं खपून प्रबंध लिहिलाय. उद्या सादर करणार." मी रुजेरोचा हात सोडला. "दाखव तिला."