तळघरातली कात्री

या मंडळी, जरा जवळ सरका. एका टकलू नवऱ्याची गोष्ट सांगतो. त्याची बायको शिवणकाम करायची. मनगट मोडलं म्हणून ती आठ महिने बहिणीकडे राहिली. तिच्या आईची मोठी कात्री मात्र ओल्या तळघरातच राहून गेली. कात्री गंजली असेल तर आपलं काम संपलं, हाच घोर घेऊन ती परतली. तिनं कात्रीवरचं फडकं सोडवलं, तर पाती लख्ख, आणि वास ओळखीचा. “अहो, हे तर तुमच्या डोक्यासाठी आणलेलं तेल.” “हो, दर रविवारी चोळत होतो.” “आणि फोनवर मला ‘लावलं’ म्हणून सांगायचात?” “लावलंच की. कुणाला, ते तू कुठं विचारलंस?” ती पोट धरून हसली. पाती पुसून तिनं कात्री चालवली. नवं कापड सरसर दुभंगलं. आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या भल्या माणसाचीही आठवण ठेवा.