पाटलाची बरणी

साहेबांच्या बाईंनी चहाचा कप तोंडापर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. खिडकीतल्या काचेच्या बरणीतून एक मातकट बेडूक, चारही पाय काचेला चिकटवून, त्यांच्याकडे टक लावून बघत होता.

"अगंबाई! हे काय हो?"

एमआयडीसीतले अल्पेशचे साहेब पहिल्यांदाच खरवईच्या नव्या फ्लॅटवर आले होते. सोफ्यावर नवी चादर घातली, फरसाणाशेजारी काजू मांडले, लुंगीतल्या बापाला 'पाहुणे जाईपर्यंत खाली बाकड्यावर बसा' म्हणून धाडलं. बापाचा बेडूक तेवढा उचलायचा राहिला. फ्लशच्या टाकीत सापडलेला झाडबेडूक तो! सगळ्यांवर डोळे वटारतो म्हणून म्हाताऱ्याने त्याचं नाव पाटील ठेवलं होतं आणि लोणच्याच्या बरणीत त्याला लेकरासारखं पोसलं होतं.

"आमचा नाही हो," अल्पेश हसत म्हणाला. "शेजारी एक म्हातारे आहेत, ते ठेवून जातात इथं. जरा सरकलेले आहेत."

दार उघडंच होतं. दारात अल्पेशचे वडील भगवंत उभे होते, चिमटीत एक जिवंत नाकतोडा धरून. पाटलाच्या जेवणाची वेळ झाली होती.

त्यांनी एकदा लेकाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"भिऊ नका बाई, काय करत नाय त्यो. नेतो मी त्याला माज्या घरी."

बरणी छातीशी धरून ते निघून गेले.

"बिचारे," साहेब म्हणाले. "एकटेच असतात का?"

अल्पेशची बायको जिज्ञासा ट्रे घेऊन उभी होती. ती नवऱ्याकडे बघतच राहिली.

"हो," अल्पेश म्हणाला. आपलीच जीभ हासडावी असं त्याला वाटलं.

पुढे साहेब काय बोलले ते त्याच्या कानात शिरलंच नाही. तो नुसती मान डोलवत होता. पाहुण्यांना गाडीत बसवून तो बाकड्याकडे धावला. बाकडं रिकामं होतं.

भगवंत सापडले गच्चीच्या जिन्यात, शेवटच्या पायरीवर. बरणी मांडीवर होती. अल्पेश चार पायऱ्या खालीच थांबला. लाजेने त्याला मान वर करवेना.

त्याला बघून म्हातारा लगबगीने उठला.

"गेलं का पावनं?" त्याने हळूच विचारलं. "आमी येव का आता घरान?"