मातीखाऊंची वाटणी

मिक्सर तिच्याकडे. लोखंडी कपाट त्याच्याकडे.

माशांच्या टाकीतली वाळू इतकी बारीक, की मुठीत धरली तर पाण्यासारखी निसटते.

"मूल आईजवळच राहतं. निसर्गच तसा आहे." कुटुंब न्यायालयात, समुपदेशक बाईंच्या खोलीत, पंख्याच्या घरघरीवर आवाज चढवून, ती.

हिरवी जाळी, दांडा वाकलेला.

गालगुंड झाल्यासारखं फुगलेलं, गच्च मिटलेलं एक तोंड.

खाली टेम्पोचा हॉर्न.

"आलो, आलो," नवरा खिडकीतून ओरडला आणि स्टुलावर चढला. कपाट उतरलं होतं, सायकल उतरली होती, खोकी उतरली होती. आता एक मासा राहिला होता. त्यानं टाकीचं झाकण बाजूला सारलं.

"नर माझा. ठरलंय आपलं."

"मी कुठं नाही म्हणतेय?"

मातीखाऊ हे नाव त्यांच्या मुलीनं ठेवलेलं. या माशांचा दिवसभर एकच उद्योग: वाळूचा घास तोंडात घ्यायचा, खाण्याजोगं तेवढं ठेवायचं, उरलेली वाळू कल्ल्यांतून भसकन सोडून द्यायची. नवऱ्यानं असंच वागावं, असं तो एकेकाळी म्हणायचा. बायकोचं ऐकायचं सगळं, ठेवायचं थोडं. तेव्हा तिला हसू यायचं.

आज मादी एकटीच वाळू उपसत होती. लांब शेपटीचा नर दगडाच्या आडोशाला नुसता उभा होता. खात नव्हता.

का खात नव्हता ते तिला माहीत होतं. ही जोडी तिनं जमवलेली. पाणी तिनं राखलं, ऊब तिनं राखली, दोनदा अंड्यांना बुरशी लागली ती तिनंच काढून फेकली. या वेळी अंडी फुटून पिल्लं निघाली. आणि काल सकाळी, चहा गार होईपर्यंत, ती पोरीला मांडीवर घेऊन टाकीसमोर बसून राहिली होती. मादी नराच्या तोंडाशी आली, तोंडात धरलेली पिल्लं बाहेर सोडली; नरानं ती सगळी टिपून आपल्या तोंडात घेतली, आणि मादी जेवायला गेली. तिचं पोट भरलं की पुन्हा उलट. पाळीपाळीनं.

"पिल्लं झालीत म्हणे," तो जाळी पाण्यात सोडत म्हणाला. "घाबरू नकोस, मादीला हात लावत नाही. पिल्लं आईच्याच तोंडात राहणार. काय करता, निसर्गच तसा आहे!"

तिचंच वाक्य. तिच्याच हेलात, चढवलेल्या आवाजासकट.

तिचं डोकं सणकलं. थांब, आज नराची पाळी आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण तेवढं तोंडातून निघालं की पुढच्या तारखेला हा ते समुपदेशक बाईंच्या टेबलावर मांडणार, तेही दात काढून. आठवड्यातले तीन दिवस मागत होता तो पोरीसाठी. शाळेच्या फाटकाशी तिला ताटकळत ठेवणारा. पोर तापानं फणफणली तरी, 'थर्मामीटर कुठं असतो गं?' असं विचारत घरभर हिंडणारा. याला तीन दिवस!

"घेऊन जा," ती म्हणाली. "आणि झाकण आपटू नकोस. दारं आपटायची सवय आहे तुला."

"आणि तुला आतून कडी घालायची."

जाळी दगडावर आदळली. वाळूचा लोट उठला. नर एकदा इकडे पळाला, एकदा तिकडे. तोंड मात्र त्यानं उघडलं नाही. तिसऱ्या फेरीला तो कोपऱ्यात सापडला. नवऱ्यानं जाळी वर उचलली आणि निथळत्या जाळीसकट स्टुलावरून उतरून फरशीवरच्या बादलीकडे वळला.

ती बघत राहिली. हाताची घडी घालून.

"बाबा! सोड त्याला!" दारात पोरगी उभी होती. "पिल्लं आहेत त्याच्या तोंडात!"

"आईच्या तोंडात गं, बुटके."

"बाबाच्या! आज बाबाची पाळी आहे! आईला विचार, तिनंच दाखवलं मला काल!"

तो दचकला. जाळीत नरानं उसळी घेतली आणि तोंड उघडलं. जाळीच्या भोकांतून थेंब गळत होते. आता त्या थेंबांबरोबर काळे ठिपके गळू लागले. टप टप, फरशीवर. मासा घसरून बादलीत पडला. फुगलेला गळा खपाटीला गेला होता.

तो वाकायला गेला.

"पाय हलवू नका!" पोरगी किंचाळली. "कुणीच पाय हलवायचा नाही!"

फरशी ठिपक्याठिपक्यांची होती. कुठला ठिपका फरशीचा आणि कुठला जिवंत, काही कळेना. तो एक पाय अधांतरी धरून उभा राहिला, स्टुलाला हात टेकून. ती भिंतीला चिकटून. पोरगी उंबऱ्यावर उकिडवी बसली आणि ओल्या बोटाच्या टोकानं एक ठिपका उचलू लागली.

खाली हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

तिनं तोंड उघडलं नाही.

पोरगी जन्मली तेव्हा आईला शुद्धीवर यायला संध्याकाळ झाली होती. तोवर पोरीला त्यानंच धरलं होतं.