उसनं लक्ष

दुपारची जेवणं आटोपली की केतकी शेजारच्या सुलभाकाकूंकडे लक्ष उसनं मागायला जायची. काकू कानामागची मसुरीएवढी चिप काढून तिच्या हातावर ठेवायच्या आणि मटार सोलता सोलता तशाच बसून राहायच्या, हातात शेंग, नजर कुठेच नाही.

लिहायला बसलं की केतकीचं स्वतःचं लक्ष चार ओळींपुढे टिकत नसे. काकूंचं मात्र एकदा लावलं की तिच्या पहिल्या भयकादंबरीतल्या त्या ओल्या केसांच्या बाईवरून हलायचंच नाही.

आज शेवटचं प्रकरण तेवढं उरलं. संध्याकाळी केतकीनं चिप परत नेली. काकूंनी ती कानामागे बसवली आणि त्यांच्या डोळ्यांत जाग आली.

"साखर नेलीस तरी वाटी कधी रिकामी आणत नाहीस गं तू," काकू हसल्या.

"आज रिकाम्या हातानंच आलेय, काकू."

"असं कसं?" काकूंनी तिच्या खांद्यामागे पाहिलं आणि दार सताड उघडलं. "या, आत या. अगं बाई, केस किती ओले तुमचे!"

केतकी गर्रकन वळली. जिन्यात कुणीच नव्हतं. कादंबरीतलं एक अक्षरही तिनं काकूंना सांगितलं नव्हतं.

काकूंनी रिकाम्या खुर्चीवर टॉवेल ठेवला आणि समोर बसल्या.

तरी केतकीच्या तोंडून निघालंच, "उद्या येऊ ना, काकू? एकच प्रकरण राहिलंय."

"उद्या लक्ष द्यायला नाही जमायचं गं," खुर्चीवरची नजर न काढता काकू हळूच म्हणाल्या. "हिच्यावर ठेवावं लागेल."